तीन मालकांचा गाळा

लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी "प्रॉपर्टीचं काम" एवढंच सांगते. समोरचा लगेच खुर्ची जवळ ओढतो आणि बदलापूरला वन बीएचके कितीला पडेल ते विचारतो. मला ते खरोखरच माहीत नसतं. राहत्या घरांचं काम मी कधी केलंच नाही. माझं काम दुकानं, ऑफिसं आणि गाळ्यांचं. तेही स्वतः गल्ल्यावर बसण्यासाठी घेणाऱ्यांचं नाही, विकत घेऊन दुसऱ्याला भाड्याने देणाऱ्यांचं. माणूस आयुष्यभराची पुंजी घेऊन येतो आणि म्हणतो, ही जागा घेऊ का? मी जागा बघते, कागद वाचते, आणि घ्या किंवा घेऊ नका असं सांगते.

दलाल वेगळा आणि मी वेगळी. दलालाला सौदा झाला तरच पैसे मिळतात. मला माझी फी ठरलेली, मी नाही म्हटलं तरी. जालन्याकडून मुंबईत आलेल्या, घाटकोपरच्या चाळीत आम्हा चौघा भावंडांना वाढवणाऱ्या माझ्या वडिलांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "आपल्या सात पिढ्यांत कुणाचा गाळा नाही, आणि लोक तुला विचारतात कसे गं?" असं म्हणायचे. प्रश्न रास्त होता.

आमच्या धंद्यातलं मुख्य गणित फार सोपं आहे. शंभर रुपयांची जागा घेतली तर वर्षाला सहा रुपये भाडं सुटावं, असा आमच्या उपनगरांतला साधारण अंदाज. कुणी नऊ मिळतील असं सांगितलं की मी विचारते, वरचे तीन कशाचे? कुणी कुणाला उगाच जास्त देत नाही. त्या तीन रुपयांमागे काहीतरी धोका असतो, आणि तो धोका ओळखून आपल्याला झेपेल का ते बघायचं, एवढंच माझं काम. झेपत असेल तर खुशाल घ्यावा. पण आहे कुठे ते आधी कळायला हवं.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. बोरिवलीच्या एका कापडव्यापाऱ्याने शिकवलं. नवी नवी होते तेव्हा त्यांच्यासाठी एका दुकानाचा बारा पानी अहवाल केला होता. त्यांनी तो न उघडता बाजूला ठेवला आणि समोरच्या रसवंतीत तीन दिवस बसून राहिले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "बेटा, रस्त्यावरून माणसं पुष्कळ जातात, पण सगळी स्टेशन गाठायच्या घाईत. थांबत कुणीच नाही. इथे दुकान चालणार नाही, म्हणजे भाडेकरू टिकणार नाही." त्यांनी ते दुकान घेतलं नाही. माझी फी मात्र दिली, वर तीन दिवसांत प्यायलेल्या रसाचा हिशेबही ऐकवला.

माझ्याकडे आलेल्या शेकडो लोकांमधून तिघांबद्दल लिहायचं ठरवलंय, कारण त्यांच्या बाबतीत मी चुकले आणि तरीही ते माझे राहिले.

मुलुंडमधली एक औषधांची फॅक्टरी बंद झाली. तिथल्या कामगारांना एकरकमी पैसे मिळाले. त्यांतले तिघे एके दिवशी माझ्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे स्टेशनरीच्या दुकानावरची एक खोली. खुर्च्या दोनच, म्हणून तिसरे दारात उभे राहिले. पुढे बसलेले दत्ताराम सावंत, फॅक्टरीतले फिटर, गाव मालवणजवळ. शेजारी फर्नांडिस, स्टोअरकीपर, हातात वही आणि कानावर पेन. दारात उभे होते ते शिर्के, बावीस वर्षं सावंतांच्याच पाळीत काम केलेले. शिर्के जवळजवळ बोलत नसत.

"बाय," सावंत मला म्हणाले, "आम्ही तिघांनी मिळून एक जागा घेऊची म्हणतोय. भाडा खाऊन म्हातारपण काढूचा. माका ह्यातला काय समजत नाय. पंप उघडून दे, मी तुका सांगतंय काय बिघडलाहा. हे कागद मात्र तू बघ."

तिघांकडेही पेन्शन नव्हती. ती रक्कम गेली की संपलं, हे तिघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं.

त्यांच्याकडे एका दलालाने आणलेली जागा आधीच होती. अंधेरीत, काचेच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, एका कॉल सेंटरला भाड्याने दिलेली. नऊ टक्के. आम्ही चौघं बघायला गेलो. दलालाने कोल्ड कॉफी पाजली. आत झकास गालिचे, रंगीत खुर्च्या, शंभरेक पोरंपोरी हेडफोन लावून बोलत होती. फर्नांडिसनी तिथल्या तिथे वहीत तिघांचा महिन्याचा वाटा काढला आणि मला दाखवला. त्यांचे डोळे चमकत होते.

मी करारनामा मागितला. दलाल म्हणाला, "मॅडम, पार्टी एकदम सॉलिड आहे, कागद काय बघता?" दोन दिवस मागे लागल्यावर कागद आले. भाडं शेजारच्या ऑफिसांपेक्षा बरंच जास्त होतं, आणि त्याचं कारण चौथ्या कलमात होतं. ते गालिचे, खुर्च्या, एसी सगळं मालकाने स्वखर्चाने करून दिलं होतं आणि त्याचा खर्च भाड्यात मिसळला होता. म्हणजे ते नुसतं जागेचं भाडं नव्हतं, फर्निचरचंही होतं. आणि कंपनी जागा सोडणार नाही अशी बांधलेली मुदत संपायला आठ महिने राहिले होते. कंपनी गेली की झिजलेले गालिचे आपल्या गळ्यात पडणार, आणि नवा भाडेकरू शेजारच्या दराने येणार.

मी नाही म्हटलं. सावंतांनी मान डोलावली. फर्नांडिस रुसले. "मॅडम, तुम्ही लाइफमध्ये कधी रिस्क घेतली नाय ना?" असं म्हणाले आणि वही मिटली.

आठ महिन्यांनी कॉल सेंटर खरंच निघून गेलं. मी ते तिघांना मुद्दाम फोन करून सांगितलं, हे कबूल करते. पण अंधेरीत मेट्रो धावायला लागली आणि त्या इमारतीतल्या जागांचे भाव असे चढले, की ज्याने ती रिकामी जागा धरून ठेवली, त्याने भाड्यात गमावलं त्याच्या कितीतरी पट विकताना कमावलं. फर्नांडिसनी तेही मला मुद्दाम फोन करून सांगितलं. आम्ही फिटंफाट झालो.

मग नाहूरचा गाळा आला. स्टेशनपासून पाच मिनिटांवर, सात मजली सोसायटीच्या तळमजल्यावर, रस्त्याला लागून. भाडेकरू एक सरकारी बँक. सहा टक्के, पण बँक. आमच्या धंद्यात बँक भाडेकरू म्हणजे जावई सरकारी नोकरीत असल्यासारखं. दिसायला साधा, पण पहिल्या तारखेला पगार.

मी तो गाळा आठ दिवस तपासला. मागच्या भिंतीची ओल, पार्किंगचा वाद, इमारतीचा वापर परवाना, मालमत्ता कर भरलाय की नाही, सगळं. बैठकीला सावंतांच्या पत्नीही आल्या होत्या, दारात उभ्या होत्या; तासभर मी त्या ओलीवर बोलले. अहवालाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: बँकेला तीन महिन्यांची नोटीस देऊन जागा केव्हाही सोडता येईल. मी ती वाचून दाखवली आणि वर हसून म्हणाले, "हे सगळ्याच बँकांच्या करारात असतं. बँका काही उठसूट हलत नाहीत."

कागदावर मी बरोबर होते. पण कागद ते तिघे वाचणार नव्हते. ते माझा आवाज ऐकत होते, आणि माझ्या आवाजात काळजी नव्हती.

तिघांनी गाळा घेतला. अडीच वर्षं भाडं बिनबोभाट आलं. सावंतांनी मुलुंडच्या घराला रंग काढला, फर्नांडिस पत्नीला घेऊन वेलंकनीच्या माउलीच्या दर्शनाला जाऊन आले. मग एका सोमवारी बँकेचं पत्र आलं. नाहूरची शाखा भांडुपच्या शाखेत सामावून घेत आहोत. तीन महिन्यांत ताबा देऊ.

बँक गेली आणि जाताना आपली तिजोरीची खोली तशीच ठेवून गेली. गाळ्याच्या ऐन मागच्या कोपऱ्यात फूटभर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती. पोलादी दरवाजा तेवढा काढून नेला. जो कुणी जागा बघायला येई तो त्या खोलीपाशी थांबून विचारी, "हे तोडून देणार का?" तोडायला इंजिनिअर हवा, सोसायटीची परवानगी हवी, आणि वरच्या मजल्यांवरचे लोक हातोड्याच्या पहिल्या घावाला खाली आले असते. एक क्लासवाला आला आणि गेला. एक मोबाइलवाला आला, त्याला अर्धीच जागा हवी होती. सहा महिने गेले. भाडं बंद, पण सोसायटीचा मेन्टेनन्स आणि कर चालूच.

सातव्या महिन्यात सावंतांच्या पत्नी, सुलभाताई, एकट्याच माझ्या ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत.

"मॅडम, एक विचारू? तुम्हाला ठाऊक होतं ना, बँक जाऊ शकते?"

"हो. अहवालात लिहिलं होतं."

"लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांना लिहिलेलं कळत असतं तर ते तुमच्याकडे कशाला आले असते? तुम्ही तेव्हा हसून म्हणालात, बँका हलत नाहीत. मी इथेच होते, ह्या दारात. मला तुमचं हसणं आठवतं."

"माझं चुकलं, ताई," एवढंच म्हटलं.

"चुकलं तर चुकलं. पण हे आता पासष्टीत पुन्हा पंप दुरुस्तीला जातात, तेवढं बघून या एकदा."

मी गेले. भांडुपच्या एका सोसायटीच्या आवारात जमिनीखालच्या टाकीपाशी सावंत गुडघ्यांवर बसले होते, कोपरापर्यंत ग्रीस. मला बघून ओशाळले नाहीत. उलट खूश झाले. "बाय, इकडे ये. ह्यो बघ, ह्याचो वायसर तीन वर्सा कोणी बदलूक नाय. म्हणान पाणी चढत नाय." मग उठताना त्यांनी पाइपाला धरलं आणि दोनदा प्रयत्न करावा लागला. दुसऱ्या वेळी मी हात दिला. ग्रीस माझ्या हाताला लागलं. ते म्हणाले, "गे बाय, तुझी साडी!"

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. अहवाल लिहिण्याआधी माणसाला समोर बसवायचं आणि विचारायचं: समजा भाडं वर्षभर आलंच नाही, तर घर कसं चालवाल? उत्तर नसेल तर मी जागा बघायलाच जात नाही. हे मी सावंतांना विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.

नाहूरच्या गाळ्यासाठी मी फी न घेता भाडेकरू शोधायला लागले. अकराव्या महिन्यात एकदम दोन आले. एक दारूचं दुकान. बँकेच्या दीडपट भाडं, वर्षभराचं डिपॉझिट आगाऊ. तिजोरीची खोली त्यांना मालाला हवीच होती. दुसऱ्या होत्या डॉ. अमिना शेख. मुलुंडला त्यांचं चार खाटांचं डायलिसिस सेंटर होतं, त्यांना मोठी जागा हवी होती. भाडं बँकेपेक्षाही थोडं कमी. "माझे बहुतेक पेशंट सरकारी योजनेतून येतात," त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलून जास्तीचं कबूल केलं तर सहा महिन्यांत तुमची आणि माझी दोघांची वाट लागेल."

तिघांची बैठक माझ्याच ऑफिसात झाली. या वेळी सुलभाताईही बसल्या, तिसरी खुर्ची मी खालून मागवून घेतली होती. फर्नांडिसनी वही उघडली. "दारूवाला. ह्यात विचार कसला करायचा?"

"माझंही तेच मत," सुलभाताई म्हणाल्या. "ह्यांचे गुडघे गेलेत. मला महिन्याला पैसे हवेत, पुण्य नको."

मी माझ्या बाजूने दोन्हीकडचा धोका मांडला, आणि या वेळी हसले नाही. दारूच्या दुकानाला सोसायटी विरोध करणार हे नक्की. परवाना अडकला तर सगळं पुन्हा शून्यावर. पण परवाना मिळाला तर दीडपट भाडं, आणि ते दुकान चाललं असतं हे मी नाकारलं नाही. डॉक्टरांचं भाडं कमी. पण त्या पाण्याच्या लायनी, शुद्धीकरणाचं यंत्र, बारा खाटांची जोडणी असा मोठा खर्च स्वतः करणार होत्या. जो माणूस तुमच्या भिंतीत स्वतःचे पैसे गाडतो, तो तीन महिन्यांच्या नोटिशीवर उठत नाही. अट एकच, तो खर्च खरोखर होणार का, की नुसतं बोलणं?

"त्या कामाचा दर्जा मला कळत नाही," मी सांगितलं. "मी आजवर बघितलेल्या जागांत डायलिसिसची एकही नाही."

सावंत खुर्चीत पुढे सरकले. "पाण्याचा काम मा?" ते म्हणाले. "मग मी बघतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलुंडच्या जुन्या सेंटरवर गेलो. डॉक्टर खाटा दाखवायला लागल्या. सावंतांनी खाटांकडे बघितलंही नाही. ते सरळ मागच्या खोलीत गेले जिथे यंत्र होतं. पाइपांवरून हात फिरवला. जोडांखाली बोट घालून ओलं लागतं का ते पाहिलं. एका व्हॉल्व्हपाशी वाकून बराच वेळ उभे राहिले. मग डॉक्टरांना विचारलं, "ह्यो फिल्टर कधी बदललास?"

"अकरा दिवसांपूर्वी. वही तिथे लटकवलीय बघा, काका. इथलं पाणी सरळ माणसाच्या रक्तापर्यंत जातं. त्यात मी कंजूषी करत नाही."

सावंतांनी वही बघितली. प्रत्येक बदलाची तारीख आणि सही. मग भिंतीवर मूठ आपटून म्हणाले, "आवाज मोठो आसा ह्या यंत्राचो. वरच्यांची तक्रार येत आसतली."

"रोज," डॉक्टर म्हणाल्या.

"नाहूराक एक खोली आसा," सावंत म्हणाले, "फूटभर जाड भिंतींची. थंय ठेव. वरच्या माणसाक कळाचाच नाय खाली यंत्र आसा म्हणान."

अकरा महिने ज्या खोलीने आमचा जीव खाल्ला होता तिच्याकडे मी भाडेकरूला अडचण म्हणूनच बघत होते. डॉक्टर मात्र मला म्हणाल्या, "मॅडम, या खोलीबद्दल तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

ऑफिसात परतल्यावर मतं मोजली. फर्नांडिस आणि सुलभाताई दारूवाल्याकडे. पण सुलभाताई मालक नाहीत, म्हणून त्यांना मत नाही, हे फर्नांडिसना आधी मान्य नव्हतं, मग त्यांनी एक मत कमी झालं म्हणून कपाळाला हात लावला. सावंत म्हणाले, "यंत्र बरा राखलेला आसा. जो पाइप राखता तो भाडा देतलो." राहिले शिर्के.

"दत्तारामने हात लावून बघितलाय ना?" शिर्के म्हणाले. "मग झालं."

इतक्या वर्षांत त्यांचं माझ्या कानावर पडलेलं हे सर्वांत लांब वाक्य.

डॉक्टर आल्या. काम सुरू झाल्यावर सावंत रोज सकाळी जाऊन पाइप घालणाऱ्यांच्या मागे उभे राहायचे. दोन जोड त्यांनी पुन्हा करायला लावले. डॉक्टरांनी त्यांना देखरेखीचे पैसे देऊ केले. ते त्यांनी घेतले, आणि पंपदुरुस्ती सोडली.

पुढे करोनाची टाळेबंदी आली. अंधेरी-कुर्ल्याकडच्या माझ्या बड्या गिऱ्हाइकांची काचेची ऑफिसं एकेक करून रिकामी झाली, रोज दहा फोन यायचे, मॅडम आता काय. नाहूरचं सेंटर एक दिवस बंद राहिलं नाही, राहूच शकत नव्हतं. भाडं वेळेवर येत होतं. याचं श्रेय मी घेत नाही. असं काही घडेल हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ज्याला आम्ही नाही म्हटलं, तो दारूवाला चार इमारती पलीकडे गेला. त्याला परवानाही मिळाला. तिथला मालक आमच्या दुपटीने भाडं घेतो. फर्नांडिस नाताळात केक घेऊन येतात तेव्हा हा आकडा मला दर वर्षी सांगतात. मी केक खाते. त्यांचा आकडा बरोबर असतो.

मी काम आता निम्मं केलंय. महिन्याला दोन-तीन जागा बघते, बाकी नातीला गणित शिकवते. पण या वर्षी नाहूरचा करार संपला तेव्हा नव्याने करायला मला बोलावणं आलं. डॉक्टरांना आणखी नऊ वर्षं हवी होती. नोंदणी कार्यालयात आम्ही सगळे बाकावर बसलो होतो: तिघे मालक, सुलभाताई, डॉक्टर आणि मी.

बोटाचा ठसा घेणारं यंत्र सावंतांचा अंगठा ओळखेना. क्लार्क म्हणाली, "काका, पुसून परत ठेवा." पुसून ठेवला. उजवा झाला, डावा झाला. आयुष्यभर कानस आणि पान्यांवर घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. मागे रांग वाढायला लागली. डॉक्टरांनी पर्समधून मलमाची छोटी डबी काढली, त्यांचा अंगठा हातात घेतला आणि सावकाश चोळायला लागल्या.

"नऊ वर्सां लिवलास," सावंत त्यांना म्हणाले. "मी आता त्र्याहत्तर. तवसर मी असतलंय काय?"

"असायलाच पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तब्येत सांभाळायची, काका. माझ्याकडे तुमच्यासाठी बेड नाही हं, आत्ताच सांगून ठेवते."

यंत्रावर हिरवा दिवा लागला. सावंतांनी अंगठा उचलून एकदा स्वतःच बघून घेतला.

"तुझो बेड नको गे बाय," ते म्हणाले, "माका तुझा भाडा पुरे."